सकाळी सात वाजता कच्ची मासळी

आपल्या घरात सकाळच्या नाश्त्याला काय असते? चहा आणि बटर. नाहीतर रात्रीची चपाती तव्यावर गरम करून. रविवार असला तर कांदेपोहे. मासळी दुपारी किंवा रात्री, आणि तीही भाजून, तळून नाहीतर चांगली रटरटवून. अशा घरातल्या बाईने सकाळी सात वाजता कच्च्या माशाचे दहा-अकरा घास खाल्ले, असे सांगितले तर कोणाला खरे वाटेल? आमच्या चाळीतल्या बायकांना वाटले नाही. एकजण तर म्हणाली, "सिस्टर, तुम्ही एवढी वर्षं दवाखान्यात काढलीत आणि कच्चं खाल्लंत?" म्हणून झाले ते सगळे नीट लिहून काढते.

माझा धाकटा मुलगा संगणकाच्या नोकरीनिमित्त टोकियोत असतो. निशी-कासाई नावाचा भाग आहे. तिथे आपली भारतीय मंडळी इतकी आहेत की तूरडाळ, मोहरी, कढीपत्ता सगळे मिळते. २०२४ च्या नोव्हेंबरात मी त्याच्याकडे गेले. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारले, "आई, काय काय बघायचंय? टॉवर आहे, राजवाडा आहे, फुजी पर्वत आहे." मी म्हणाले, "मासळीबाजार दाखव." तो हसला. सूनबाईही हसली. "भायखळ्याचा बघून पोट नाही का भरलं?" पण मी हट्टच धरला. त्याचे कारण मुलालाही धड ठाऊक नव्हते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मुंबईत मासळीच्या धक्क्यावर बर्फ फोडायचे. रात्री दोनला घरातून निघायचे. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या यायच्या. त्या लाकडी घणाने फोडायच्या, चुरा पाटीत भरायचा, पाटी डोक्यावर घेऊन होडीपर्यंत न्यायची. होडी तो बर्फ घेऊन समुद्रात जाणार आणि त्याच बर्फात मासळी घालून परत आणणार. परत आलेल्या मासळीवर पुन्हा नवा बर्फ. सकाळी दहाला आबा घरी यायचे तेव्हा हाताच्या बोटांना भेगा पडलेल्या असायच्या, आणि अंगाला, सदऱ्याला, केसांना मासळीचा वास. साबणाने जात नसे, मातीने घासूनही जात नसे. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे. तो वास सगळ्यांच्याच कपड्यांना लागायचा.

चौथीत असताना माझ्या बाकावरच्या मुलीने बाईंना सांगितले की हिच्या अंगाला घाण वास येतो. बाईंनी मला उठवून खिडकीजवळ बसवले. रागावल्या नाहीत, काही नाही, फक्त जागा बदलली. त्या दिवसापासून कोणी विचारले की वडील काय करतात, तर मी सांगायची, बर्फाच्या कारखान्यात आहेत. धक्क्याचे नाव काढायची नाही. आबा १९९३ साली गेले. तोपर्यंत मी नर्स होऊन नोकरीला लागले होते, माझे लग्न झाले होते, मुले झाली होती. पण बाप कुठे उभा राहून घण मारतो ते बघायला मी एकदाही धक्क्यावर गेले नाही.

घरात मासळी म्हणाल तर सुकट, जवळा, सुका बोंबील. ओली मासळी क्वचित, टोपलीत दबून फुटलेली मांदेली वगैरे. ती आली की आबा म्हणायचे, "मला नको. नाकात बसलाय तो वास. पोरांना घाल." आम्हीही तेच धरून चाललो होतो की आबांना मासळी आवडत नाही. असो.

तर एका गुरुवारी पहाटे पाचच्या पहिल्या गाडीने मी आणि मुलगा निघालो. गाड्या बदलत बदलत शेवटी विनाड्रायव्हरच्या एका गाडीत बसलो. ती उंच पुलावरून खाडीच्या कडेने जाते. ज्या स्टेशनावर उतरलो त्याचे नावच मुळी 'बाजारासमोर' अशा अर्थाचे आहे, शिजो-माए. बाहेर अजून अंधार होता आणि गार वारा सुटला होता. समोर मोठमोठ्या पांढऱ्या इमारती. मी मुलाला म्हटले, "अरे, हे तर हॉस्पिटल वाटतंय. बाजार कुठाय?" तो म्हणाला, "हाच बाजार."

हा तोयोसूचा बाजार. २०१८ च्या ११ ऑक्टोबरला सुरू झालेला. टोकियोचा मासळीबाजार आधी निहोनबाशी नावाच्या पुलाजवळ होता, तीनशे वर्षांहून अधिक काळ. १९२३ साली मोठा भूकंप झाला, शहराला आगी लागल्या, त्यात तो बाजार जळाला. मग तो त्सुकिजी येथे नेला. तिथली मोठी इमारत १९३५ साली उघडली आणि पुढे त्र्याऐंशी वर्षे त्सुकिजी हे नाव जगभर गाजले. ती जागा जुनी आणि अपुरी झाली म्हणून तोयोसूला हलवायचे ठरले, तर इथल्या जमिनीत पूर्वीच्या गॅस कारखान्याची विषारी द्रव्ये निघाली. लोकांनी आवाज उठवला. मुक्काम दोन वर्षे लांबला. जमिनीचे काम पुन्हा करून मगच बाजार आला. जुन्या त्सुकिजीला बाहेरची दुकाने मात्र अजून आहेत. तिकडेही आम्ही गेलो, ते पुढे सांगते.

लिलावाच्या जागी पाहुण्यांना खाली जाऊ देत नाहीत. वरच्या मजल्यावर लांब गॅलरी आहे, तिच्या काचेतून बघायचे. साडेपाचला सुरू झालेला कुपा माशाचा लिलाव आम्ही पोचेपर्यंत संपत आला होता. कुपा म्हणजे ट्यूना, जपानीत मागुरो. आपल्याकडे मिळतो तो बहुधा हातभर. इथे माणसाएवढे, काही तर माणसाहून मोठे, शेपटी छाटलेले, जमिनीवर ओळीने मांडलेले. काही ताजे, काही उणे साठ अंशांपर्यंत गोठवलेले, त्यांच्यावर पांढरी भुकटी धरलेली. शवागारात काम केलेल्या बाईला त्या ओळी बघून क्षणभर कसेसेच झाले, हे कबूल करते. खरेदीदार हातात छोटी विजेरी आणि आकडी घेऊन फिरत होते. शेपटी छाटलेल्या जागी उजेड पाडायचा, आकडीने जरासे मांस उचकटायचे, बोटांत चोळून बघायचे. चरबी किती, रंग कसा. मग घंटा वाजते आणि लिलाव पुकारणारा माणूस अंगात आल्यासारखा डोलत ओरडतो. घेणारे बोटांच्या खुणा करतात. काही सेकंदांत एक मासा विकला जातो. २०१९ च्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक कुपा तेहतीस कोटी छत्तीस लाख येनांना गेला होता. नव्या वर्षाचा पहिला मासा म्हणून चढाओढ होते आणि दुकानाची जाहिरातही होते. रोजचा भाव असा नसतो. तरी ऐकून मला बसावेसे वाटले.

मी मात्र मासे कमी आणि बर्फ जास्त बघत होते. थर्माकोलच्या खोक्यांमध्ये बारीक, एकसारखा, यंत्रातून निघालेला चुरा. घण कुठे दिसला नाही. माल वाहणारी पिंपासारख्या तोंडाची छोटी गाडी असते, माणूस तिच्यावर उभा राहून गरागरा चाक फिरवतो. डोक्यावर पाटी कोणाच्याच नव्हती. सगळ्यांच्या पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि फरशी अशी की पाणी सांडले की लगेच वाहून जाते. काच असल्याने वास कळत नव्हता. मुलाने विचारले, "आई, रडतेस का?" मी म्हटले, "नाही रे, थंडी लागली."

सव्वासहा वाजता आम्ही एका खाणावळीच्या रांगेत उभे राहिलो. बाजाराच्याच इमारतीत ओळीने लहान लहान दुकाने आहेत, दारावर कापडी पडदा. आत दहा-बारा जणांचीच जागा. एका लांब फळीसमोर सगळ्यांनी बसायचे आणि फळीच्या पलीकडे उभे राहून सुशी करणारे. तासभर रांगेत गेला. आमच्या पुढे बहुतेक परदेशी पर्यटक आणि बाहेरगावचे जपानी लोक होते.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सुशी म्हणजे कच्चा मासा असे मी समजत होते. तसे नाही. सुशी म्हणजे आंबट भात. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात. फार पूर्वी मासा टिकवण्यासाठी तो मीठ लावून शिजवलेल्या भातात महिनोन् महिने दाबून ठेवत. भात आंबायचा आणि त्या आंबटपणामुळे मासा नासत नसे. मासा खायचा, भात टाकून द्यायचा. भातशेतीच्या आग्नेय आशियातून ही रीत जपानात आली असे मानतात. तिथल्या बिवा तळ्याकाठी अजून तसा मासा घालतात. पुढे लोकांना महिनोन् महिने थांबवेना. भातात व्हिनेगर घालून तोच आंबटपणा आणायला लागले. आणि १८२० च्या सुमाराला एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताच्या मुटक्यावर माशाचा काप दाबून तिथल्या तिथे हातात द्यायची पद्धत आली. हानाया योहेई नावाच्या माणसाला तिचे श्रेय देतात. एदो शहरात सुतार, हमाल, गडी यांची गर्दी. त्यांना बसून जेवायला वेळ कुठला? रस्त्याकडेच्या गाडीवर उभे राहून दोन-तीन मोठे मुटके खायचे आणि कामाला जायचे. आपल्याकडे गिरणी सुटली की वडापावच्या गाडीवर जी गर्दी व्हायची, तसे हे सुशीचे मूळ. आज त्याच खाण्यासाठी विमानाने लोक येतात.

आमच्यासमोर साठीच्या घरातले एक गृहस्थ होते. पांढरी टोपी, पांढरा सदरा, नखे कापलेली, हात सारखे ओल्या फडक्याला पुसत. ऑपरेशनला उभे राहणाऱ्या सर्जनची मला आठवण झाली. त्यांनी मुलाला विचारले, आई कुठल्या? मुलगा म्हणाला, मुंबईच्या, समुद्राकाठच्या. ते मान लववून काहीतरी म्हणाले. मुलाने सांगितले, "म्हणतायत, मग मासळीतलं मी यांना काय सांगणार."

घास एकेक करून येतो. एक संपला की दुसरा. हाताने खाल्ले तरी चालते, हे ऐकून मला बरे वाटले. घास उलटा करून माशाची बाजू जराशी सोयाच्या पाण्यात बुडवायची, भाताची नाही. भात बुडवला तर सुटतो. मासा आणि भात यांच्यामध्ये वासाबी नावाच्या मुळाचा हिरवा वाटलेला गोळा, मोहरीसारखा नाकात जाणारा. दोन घासांमध्ये तोंड साफ करायला आल्याचे आंबटगोड काप. आणि मोठ्या जाड पेल्यात कढत हिरवा चहा, बिनसाखरेचा, बिनदुधाचा.

पहिला घास लाल कुप्याचा. मी डोळे मिटले आणि तोंडात टाकला. भात कोमट होता, बाळाच्या अंगाइतका. वरचा मासा गार. मी वासाची वाट बघत होते. आता येईल, आता पोटात ढवळेल. वास आलाच नाही. काही म्हणजे काहीच नाही. जराशी खारट चव, जराशी लोखंडासारखी, आणि मऊपणा. मी डोळे उघडले तर ते गृहस्थ माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. दुसरा घास गुलाबी सालीच्या ताय माशाचा, तो किंचित चिवट, चावावा लागतो. मग कोळंबी, ती उकडलेली. मग सालमनची गाबोळी, काळ्या शेवाळाच्या कागदात गुंडाळलेली. दाणे दाताखाली फुटतात. मग समुद्रातल्या काटेरी गोळ्याच्या पोटातले पिवळे काहीतरी. हा एक घास मला नाही जमला. मुलाने खाल्ला. मग वामेसारखा एक मासा, शिजवून वर गोड रस लावलेला. हा आवडला. शेवटी अंड्याची गोडसर चौकोनी पोळी. मिसो नावाच्या आंबवलेल्या सोयाबीनचे गरम कढण सोबत होतेच.

मधे एक फिकट गुलाबी घास आला, त्याच्यावर चरबीच्या बारीक रेघा. तोंडात टाकला आणि विरघळला, चावायला काही उरलेच नाही. हा त्या लाल कुप्याच्याच पोटाकडचा भाग, तोरो. सगळ्यांत महाग. मुलाने यावर सांगितले ते ऐका. जुन्या काळी या भागाला कोणी विचारत नसे. चरबीमुळे लवकर खराब व्हायचा. मांजरसुद्धा ओलांडून जाईल असे त्याला नाव होते, नेको-मातागी. टाकून द्यायचे, नाहीतर गरिबाने न्यायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर थंड साठवणूक आली, लोकांच्या जिभेला चरबी आवडू लागली आणि तोरो वर चढला. मला आमच्या घरची वजडी आठवली. महिन्याच्या शेवटी कोणी घेत नाही म्हणून स्वस्तात मिळणारी. आई ती चुन्याच्या पाण्यात धुऊन अशी करायची की बोटे चाटावीत. आता मोठ्या हॉटेलात तिची थाळी मिळते म्हणे.

पण मी वासावर येते. नर्सिंगच्या शिक्षणात जिवाणू शिकले, तरी ही साधी गोष्ट कधी डोक्यात जुळवली नव्हती. माशाच्या अंगात मुळात तो वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू वाढतात, ते त्याच्या मांसातल्या एका बिनवासाच्या द्रव्यापासून हा वास तयार करतात. जितका वेळ जाईल, जितकी ऊब मिळेल, तितका वास. थंडीत जिवाणू मंदावतात. म्हणजे बर्फ असतो तो वास रोखायलाच. आबा रात्री दोनपासून घण मारायचे ते याच्याचसाठी. कुठल्या कुठल्या घरांत पापलेट ताजे पोचावे, त्याला वास येऊ नये म्हणून. आणि तोच वास त्यांच्या सदऱ्यावर बसून आमच्या खोलीत यायचा, आणि माझ्या फ्रॉकवर बसून शाळेत जायचा. मी फळीसमोर बसून हे सगळे मुलाला सांगितले. बावीस वर्षे एका घरात राहून त्याला मी हे सांगितले नव्हते. तो म्हणाला, "मग बाकावरून तुला का उठवलं?" मी म्हटले, "आता ते सोड. हा मासा खा."

भगिनींनो, एक सूचना. हे वाचून कोणी आपल्या बाजारातला मासा कच्चा खाऊन बघायचा विचार करू नये. समुद्रातल्या काही माशांत अॅनिसाकिस नावाचे बारीक दोऱ्यासारखे जंत असतात. ते पोटात गेले तर जठराला चावा घेतात आणि अशी कळ येते की माणूस लोळतो. व्हिनेगरने किंवा वासाबीने ते मरत नाहीत. उणे वीस अंशांवर चोवीस तास गोठवले तर मरतात, किंवा शिजवले तर. सुशी करणारे वर्षानुवर्षे शिकतात, प्रत्येक काप उजेडात बघतात. शिवाय ताजा म्हणजे नुकता मारलेला असेही नाही. मोठा कुपा ते बर्फात काही दिवस मुरवतात, तेव्हा त्याला चव येते. तिथेही अधूनमधून लोकांना बाधा होतेच. आपला बोंबील आपला तळलेलाच बरा.

बिल मुलाने दिले. दोघांचे येन मनात रुपयांत केले आणि गप्प बसले. बाहेर येऊन त्याला विचारले, "इथले कामगार रोज सकाळी हेच खातात?" पहाटे काम करून सुटलेला माणूस फळीसमोर बसतो आणि सगळ्यांत ताजा मासा आधी त्याच्या तोंडी पडतो, असे चित्र मी डोळ्यांसमोर आणले होते आणि मला ते फार आवडले होते. या खाणावळी पहाटे उघडतात त्या मुळात बाजारात राबणाऱ्यांसाठीच. मुलगा म्हणाला, "आई, एवढी रांग आणि एवढे पैसे? ते नाही येत इथे. तिकडे बघ." तिकडे योशिनोयाची पाटी होती. गरम भातावर कांद्यात शिजवलेले गोमांसाचे पातळ काप, एका वाडग्यात. मिनिटात मिळते, पाच मिनिटांत खाऊन होते. ही खानावळ १८९९ साली निहोनबाशीच्या त्या जुन्या मासळीबाजारातच निघाली, मासळीच्या कामगारांसाठी. आज तिच्या शाखा देशभर आहेत. आत रबरी बूट घातलेली चार-पाच माणसे मान खाली घालून जेवत होती. रात्रभर मासळी उपसणाऱ्याला सकाळी मांसभात लागतो. आबाही पगाराच्या दिवशी मटणच आणायचे.

पण त्या गोमांसाची तिथे एक वेगळी कथा आहे, ती मुलाच्या कचेरीतल्या एका जपानी बाईंनी मला नंतर सांगितली. इ.स. ६७५ मध्ये तिथल्या राजाने गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी खाण्यावर बंदी घातली. त्यात मासा नव्हता. पुढे मेलेले जनावर ओढणे, कातडे कमावणे ही कामे करणाऱ्यांना अपवित्र ठरवून वेगळ्या वस्त्यांत ठेवले. कायद्याने ते १८७१ साली मुक्त झाले. १९२२ साली त्यांनी स्वतःची संघटना उभारली, सुइहेइशा. नावाचा अर्थ साधारण समतल करणाऱ्यांची संघटना. आणि आज? टोकियोत शिबाउरा येथे महानगर प्रशासनाचाच मांसाचा बाजार आहे, मोठ्या रेल्वे स्टेशनाला लागून. तिथल्या कामगारांना शिव्या देणारी, हिणवणारी निनावी पत्रे येत आली आहेत. ती पत्रे तिथल्या माहिती केंद्रात मांडून ठेवली आहेत. कुपा कापणाऱ्याचे फोटो काढायला जग येते, आणि त्याच शहरात बैल कापणाऱ्याला अशी पत्रे. बाई सांगत होत्या तेव्हा आवाज खाली गेला होता. मला काही नवे वाटले नाही. आवाज कधी खाली जातो ते आपल्याला कळते.

त्या गुरुवारी बाजारातून आम्ही त्सुकिजीला गेलो. जुन्या बाजाराची मोठी इमारत पाडली आहे, पण बाहेरच्या गल्ल्या गजबजलेल्या. तिथे एका छोट्या देवस्थानात दगड उभे केले आहेत, सुशीच्या नावाने, कोळंबीच्या नावाने, अंड्याच्या नावाने. ज्या जिवांवर पोट भरले त्यांची आठवण. त्यापासून थोडे चालले की होंगान-जी हे बौद्ध मंदिर. वळणावरून समोर दिसले आणि मी थबकले. कार्ल्याला गेलेल्या कोणीही थबकेल. दर्शनी भागी पिंपळपानाच्या आकाराची तीच चैत्यकमान, वर गोल छत, बाजूला स्तूपासारखे मनोरे. इतो चूता नावाच्या वास्तुशिल्पकाराने ते बांधले, १९३४ साली पुरे झाले. हा माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात फिरून गेला होता. आधीचे मंदिर १९२३ च्या त्याच आगीत जळाले. आणि त्याहून आधीची गोष्ट अशी की १६५७ च्या आगीत मूळ मंदिर गेले तेव्हा सरकारने जागा दिली ती समुद्रात. जवळच्या त्सुकुदा बेटावरच्या कोळ्यांनी पुढे होऊन भराव घातला आणि जमीन केली. त्सुकिजी म्हणजेच भरावाची जमीन. मी आत जाऊन बुद्धमूर्तीसमोर बसले. पंचशील म्हणताना पहिल्याच शीलाशी जरा अडखळले, पोटात ते अकरा घास होते. या पंथाचे भिक्खू संसार करतात, मासेही खातात, हे मुलाने नंतर सांगितले. माझी अडचण त्याने सुटली नाही, पण म्हणून मी पुढची चार शिले सोडली नाहीत.

रात्री मुंबईला आईला फोन लावला. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, थोरल्या भावाकडे असते. फोनवर चित्र दिसते म्हणून ती आधी डोक्यावर पदर घेते. मी म्हटले, "आई, आज कच्चा मासा खाल्ला. सकाळी सकाळी, बाजारात बसून."

"कच्चा?" तिने तोंड वाकडे केले. "आणि पोट?"

"बरं आहे. आई, आबांना मासळी अजिबात आवडायची नाही ना?"

ती हसायला लागली. बोळके तोंड, हसू थांबेना. "कोन म्हनलं तुला? अगं, तितं धक्क्यावर कोळनी चुलीवर कालवन टाकायच्या, पहाटं. ताजं, होडीतनं उतरल्यालं. तुज्या आबाला हाक मारायच्या, ये रं बर्फवाल्या. रोज भात-कालवन खाऊन यायचा आनि हितं पोरांफुडं म्हनायचा मला नगं. मला काय कळत नव्हतं? मिशीला वास यायचा की."

मी विचारले, "वेगळ्या ताटलीत द्यायच्या का गं?"

"न्हाई," आई म्हणाली. "त्येच मी बी इचारलं हुतं त्येला, लगीन होऊन नवी आल्ते तवा. म्हनला, त्यांच्याच ताटलीत. आनि धुऊन पन त्याच ठेवत्यात."